चारी बाजूंनी एक सेंटिमीटर

पेटी तरंगते आहे. धरलेली नाही,
सोडून दिलेलीही नाही.
चारी बाजूंनी एक सेंटिमीटर मोकळीक,
भोवती चुंबकं, तांब्याची आठ वेटोळी,
आणि आत, मोहरीहून लहान,
प्रथिनाचा एक स्फटिक.
अकरा दिवसांचा.

वर शांतता असते असं लोकांना वाटतं.
मी बावीस वर्षं तिथला गोंगाट वाचते आहे
सेंत-ह्युबेरच्या या खोलीत, हिरव्या रेघेवर:
पंखा. पंप. कुणीतरी कप्पा ढकलून लावला.
संध्याकाळ झाली, त्यांची, माझी नव्हे,
की एक जण पट्ट्यांनी स्वतःला खाली बांधून धावतो
आणि चारशे टनांचं स्थानक
त्याच्या टाचांखाली केसभर हलतं.
केसभरही नाही.
स्फटिकाला तेवढं खूप झालं.

आमचं काम एवढंच:
धक्का निघाला की पेटीच्या आधी तो ओळखायचा
आणि तितकंच, उलट, ढकलायचं.
सेकंदातून हजार वेळा.

पण पेटीला नाळ आहे.
वीज तिच्यातून, थंड पाणी तिच्यातून,
आकडे तिच्यातूनच बाहेर.
थरथर आत शिरते तीही तिथूनच.
कापता येत नाही.
पहिल्या वर्षी मी ती दोन बोटं जास्त लांब मागितली,
तर वजनाचा हिशोब ठेवणाऱ्या बाईंनी
तीन आठवडे उत्तर दिलं नाही.

बाबा सें-झां तळ्यावर गळ टाकायचे.
बर्फाला भोक पाडून, बादली पालथी घालून बसायचे.
मी सात वर्षांची, भावाचे बूट घातलेली.
‘पाय वाजवू नकोस,’ म्हणायचे,
‘खाली ऐकू जातं.’
आणि दोरी माझ्या हातात देऊन:
‘ताणून धरलीस तर तुझाच हात कळेल.
सैल सोड. मग मासा कळेल.’

मंगळवारी रात्री एमेरिक म्हणाला, गेन वाढवू.
सव्वीस वर्षांचा. त्याला हललेली रेघ खपत नाही.
मी नको म्हणायला हवं होतं.
मी कॉफी आणायला गेले.
पेटी एकेका कुजबुजीला ओरडून उत्तर देऊ लागली,
मग स्वतःच्याच ओरडण्याला.
दोन चाळीसला ती भिंतीला लागली.
तीन सेकंद. आवाज नाही, नुसती रेघ,
कागदाबाहेर गेलेली.
स्थानकावर सगळे झोपलेले. कोणी धावत नव्हतं,
कोणी कप्पा लावत नव्हतं.
हादरा आमचाच होता.

एमेरिकचे कान लाल झाले.
खाली रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक गेला
आणि टेबलावरचा चाचणीचा सेन्सर
उगीचच दचकला.

पहाटेपर्यंत मी ती ओळ पुन्हा लिहिली:
स्थानक सावकाश सरकतं तेव्हा त्याच्यामागे जा,
बिनतक्रार, भिंत जवळ येऊ देऊ नकोस.
घाईघाईनं जे येईल
ते तुझं नाही.
या दोन्हींच्या मध्ये जे असतं
त्याचं काय करायचं हे मला अजून नीट येत नाही.
तिथे एक आकडा लागतो. तो मी अंदाजानं घातलाय.

रविवारी फोन केला. बाबा शिकुतिमीच्या वृद्धाश्रमात,
चौऱ्याऐंशी वर्षांचे.
‘काय चाललंय वर?’
म्हटलं, दोरी धरून बसलेय.
‘लागलं काही?’
स्फटिक तडकला की नाही
ते एप्रिलमध्ये, कुपी खाली आली की कळेल.
‘एप्रिल,’ ते म्हणाले. ‘तोवर बर्फ पातळ होतो.’
मागे टीव्हीवर हॉकी चालू होती,
कुणीतरी गोल केला असावा,
फोनमध्ये अख्खी खोली हादरली.
ते काही बोलले नाहीत.
मला त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.